टेबलाच्या अलीकडचा अर्जदार

अमेरिकेच्या नागरिकत्वाचा माझा दाखला आमच्या कपाटातल्या वरच्या कप्प्यात, मुलीच्या जन्मदाखल्याच्या आणि गावाकडच्या सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्याच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलेला आहे. जाडसर कागद, कडेने नक्षीची चौकट, वर छापील अनुक्रमांक, एका बाजूला माझा लहानसा फोटो आणि बोटाने चाचपला की खडबडीत लागणारा उठावाचा शिक्का. शपथविधीच्या दिवशी तो हातात पडला तेव्हा बायको फोटो काढायला हाका मारत होती आणि मी मात्र त्या अनुक्रमांकाकडेच पाहत उभा होतो. ज्याने तीस वर्षे बँकांमध्ये अंतर्गत लेखापरीक्षण केले आहे, त्याला असा कागद पाहिला की काही प्रश्न आपोआप सुचतात. कोरे कागद कुणाच्या ताब्यात असतात, त्यांची मोजदाद कोण करतो, आणि ज्याच्या हाती कागद आहे त्याच्याच हाती शिक्काही आहे का?

या प्रश्नांना किती अर्थ आहे हे मला रॉबर्ट स्कोफील्ड याच्या खटल्याची हकिगत वाचताना कळले. हा गृहस्थ व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स येथे अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा खात्याचा, म्हणजे यूएससीआयएसचा, पर्यवेक्षक अधिकारी होता. मध्यस्थांमार्फत येणाऱ्या लोकांकडून पैसे घेऊन त्याने हक्क नसलेल्या सुमारे २०० जणांना नागरिकत्वाची आणि स्थलांतराची कागदपत्रे मिळवून दिली. लाचेची रक्कम ६ लाख डॉलरच्या पुढे गेली होती. नोव्हेंबर २००६ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि २००७ मध्ये त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली. त्या कागदपत्रांत कागद खरा होता, शिक्का खरा होता, देणारा अधिकारीही खरा होता. खोटा होता तो फक्त हक्क. बनावट कागद तज्ज्ञाला भिंगाखाली ओळखता येतो, परंतु खऱ्या कागदावर नोंदवलेला खोटा हक्क कागदाकडे कितीही निरखून पाहिले तरी दिसत नाही. याहून मनाला लागणारी गोष्ट अशी, की त्याच्या वर्तनाबद्दल यापूर्वीही अंतर्गत चौकशा झालेल्या होत्या, आणि तरीही तो पर्यवेक्षकाच्या खुर्चीवर बसलेला होता. कुंपणच शेत खात होते, आणि कुंपणाबद्दलची कुजबुज वरपर्यंत पोहोचलेलीही होती.

माझी नोकरी सांगलीतल्या एका सहकारी बँकेत सुरू झाली. तिथल्या तिजोरीला दोन किल्ल्या होत्या, एक रोखपालाकडे आणि एक व्यवस्थापकाकडे. दोघे एकत्र आल्याशिवाय दार उघडत नसे. पहिल्याच तपासणीला मी रोखपालाच्या प्रामाणिकपणाबद्दल काहीतरी चांगले लिहिले, तेव्हा आमचे मुख्य तपासनीस मला बाजूला घेऊन म्हणाले, “अहो, माणूस चांगला की वाईट हे आपण ठरवायचे नाही. दोन्ही किल्ल्या एका खिशात कधी गेल्या होत्या का, तेवढे बघा.” पुढे संगणक आले, किल्ल्यांच्या जागी पासवर्ड आले, आणि ‘मेकर-चेकर’ हा शब्द बँकेतल्या शिपायालाही पाठ झाला: नोंद करणारा एक, तिला मान्यता देणारा दुसरा. रिझर्व्ह बँकेने तर संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, आगाऊ सूचना न देता, सलग किमान १० कामकाजाचे दिवस सक्तीची रजा देण्याचा नियम केला आहे. माणूस जागेवर नसताना त्याच्या टेबलावर दुसरा बसला की लपवलेले बरेच काही वर येते, असा त्यामागचा साधा अनुभव आहे.

हे सारे स्थलांतर खात्यातही करता येते, आणि बरेचसे केलेही जाते. पण बँकेत आणि या खात्यात एक मोठा फरक आहे, आणि मला जे सांगायचे आहे ते या फरकाबद्दलच. बँकेच्या खात्यातून ५०० रुपये जरी चुकीने कमी झाले, तरी खातेदार दुसऱ्या दिवशी पासबुक घेऊन काउंटरवर हजर होतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात जाब विचारतो. बँकेतली निम्मी लबाडी तपासनिसाने नव्हे, तर अशा खातेदारांनी उघडकीला आणलेली असते. स्थलांतर खात्यात हा खातेदारच गप्प असतो. ज्याने पैसे देऊन काम करून घेतले तो लाभापोटी गप्प राहतो, आणि ज्याला नाडले गेले तो भीतीपोटी गप्प राहतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो, पण तिचा अर्थ मला परदेशी अर्जदारांच्या रांगेत उभे राहिल्यावर कळला.

ही भीती आपल्या लोकांना नवी नाही. भारतात जन्मलेल्या नोकरदारांची ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे, की न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टमधल्या कोणत्याही मराठी घरात ‘फाइल’ हा शब्द उच्चारताना आवाज आपोआप खाली येतो. मुलाखतीला गेलेल्या एखाद्याला अधिकाऱ्याने अपमानास्पद प्रश्न विचारला, तर बाहेर आल्यावर तो मित्रांना सांगतो, घरी सांगतो, परंतु लेखी तक्रार करत नाही. तक्रारीवर आपला फाइल क्रमांक लिहावा लागेल, तो क्रमांक त्याच इमारतीत जाईल, आणि पुढची दहा वर्षे आपले काम त्याच इमारतीत अडकलेले असेल, हे त्याचे गणित असते. हे गणित भित्रेपणाचे आहे असे मी म्हणणार नाही, कारण मीही माझ्या काळात ते केले आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एक विद्यार्थिनी मला बाजूला घेऊन विचारू लागली. तिला एका एजंटाने फोन करून सांगितले होते, की तुझे काम महिन्याभरात होईल, कारण आत आमचा माणूस आहे. “काका, खरंच आत कुणी असतं का हो?” असा तिचा प्रश्न होता. तो एजंट थापा मारत होता हे उघड होते, आणि मी तिला त्याच्यापासून चार हात लांब राहायला सांगितले. परंतु ‘आत कुणी नसते’ असे छातीठोकपणे सांगायला माझी जीभ वळली नाही. एजंटाची थाप खपते ती यामुळेच, की कधीकाळी कुठेतरी आत खरोखरच माणूस होता, आणि ती बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. एका अधिकाऱ्याच्या लाचखोरीवर पुढे दहा भामटे आपली दुकाने चालवतात.

ज्यांना बोलता येणार नाही अशांनाच नेमके हेरले जाते, याचे स्पष्ट उदाहरण सिएटलमध्ये घडले. राफेल सांचेझ हा आयसीईचा, म्हणजे स्थलांतर कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या भावंड-खात्याचा, तिथला मुख्य वकील होता. ज्यांच्यावर देशाबाहेर काढण्याची कारवाई झाली होती किंवा चालू होती, अशा सात जणांची ओळख त्याने २०१३ ते २०१७ या काळात सरकारी नोंदींतून उचलली, त्यांच्या नावावर क्रेडिट कार्डे आणि कर्जे काढली आणि सुमारे १ लाख ९० हजार डॉलरचा घोळ केला. त्यांपैकी तिघांना तर त्याने स्वतःच्या करविवरणपत्रात आपल्यावर अवलंबून असलेले नातेवाईक म्हणूनही दाखवले. २०१८ मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. आपल्या नावावर कर्ज निघाले आहे हे यांपैकी एखाद्याला कळले असते, तरी त्याने कुणाकडे जायचे होते? त्या खात्याचा त्या शहरातला मुख्य वकील तर तोच होता. कुलूपबंद खोलीतली फाइल चोरणे आणि रोजच्या कामासाठी उघडता येणारी फाइल वाईट हेतूने उघडणे यांत किती अंतर आहे, हे या प्रकरणातून दिसते. दुसऱ्या प्रकारात कुलूप तोडलेले नसते, त्यामुळे कुलपाकडे पाहून काहीच कळत नाही.

क्वीन्समधले प्रकरण मला यापेक्षाही अस्वस्थ करते. डिसेंबर २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या त्या भागात एका उभ्या मोटारीत कोलंबियातून आलेली २२ वर्षांची विवाहित तरुणी आणि तिच्या ग्रीन कार्डाचा अर्ज ज्याच्याकडे होता तो अधिकारी, आयझॅक बायचू, बसलेले होते. हा अधिकारी स्वतःही गयानातून स्थलांतर करून आलेला होता. त्याने तिच्याकडे कामाच्या बदल्यात शरीरसुखाची मागणी केली. तिच्या पर्समध्ये मोबाइल फोन होता आणि त्यावर हे सगळे ध्वनिमुद्रित होत होते. ते ध्वनिमुद्रण घेऊन ती एका वर्तमानपत्राकडे आणि क्वीन्सच्या सरकारी वकिलांकडे गेली, मार्च २००८ मध्ये त्या अधिकाऱ्याला अटक झाली, आणि २०१० मध्ये त्याला दीड ते साडेचार वर्षांची शिक्षा झाली.

लेखापरीक्षकाच्या नजरेने या घटनेकडे पाहिले तर काय दिसते? अर्ज नोंदलेला आहे, शुल्क भरलेले आहे, मुलाखत झालेली आहे, निर्णय बाकी आहे. संगणकातला प्रत्येक रकाना बरोबर आहे. दोन किल्ल्या, मेकर-चेकर, सक्तीची रजा, यांपैकी कशानेही ती मोटार दिसली नसती. ती दिसली ती फक्त त्या मुलीमुळे, आणि तिनेही खात्याच्या तक्रार खिडकीवर विश्वास न ठेवता आपल्या फोनवर ठेवला. माझ्या सगळ्या व्यावसायिक आयुष्यात मी ज्या नियंत्रणांना प्रतिष्ठा दिली, ती सारी कागदावरच्या लबाडीसाठी बनलेली होती. माणसाने माणसाला एकांतात घातलेल्या धाकासाठी ती नव्हती, हे मला इथे कबूल करावे लागते.

तरीही जिथे आकडे बोलतात तिथे त्यांचे ऐकायलाच हवे. मायकेल सेस्टॅक हा परराष्ट्र खात्याचा अधिकारी व्हिएतनाममधील हो ची मिन्ह शहराच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात तात्पुरत्या व्हिसांच्या विभागाचा प्रमुख होता. मध्यस्थ टोळी अर्जदारांकडून सर्वसाधारणपणे ५० ते ७० हजार डॉलर घेई आणि अर्ज बरोबर याच्याच खिडकीवर पोहोचवी. सुमारे ५०० व्हिसा असे विकले गेले आणि त्याच्या वाट्याला ३० लाख डॉलरहून अधिक रक्कम आली, जिच्यातून त्याने थायलंडमध्ये मालमत्ता घेतल्या. २०१५ मध्ये त्याला ६४ महिन्यांची शिक्षा झाली. तपास अधिकाऱ्यांनी न्यायालयात जे मांडले त्यातला एक तपशील माझ्यासारख्याच्या मनात घर करून बसतो: २०१२ च्या मे ते सप्टेंबर या काळात त्या दूतावासात नाकारलेल्या अर्जांचे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास होते, आणि सेस्टॅकने हाताळलेल्या अर्जांत ते ८ टक्क्यांच्या आसपास. शिवाय बरेच अर्ज इंटरनेटच्या एकाच पत्त्यावरून भरलेले होते. एवढी तफावत एखाद्या बँकेच्या शाखेत कर्जमंजुरीच्या बाबतीत दिसली असती, तर महिन्याअखेरच्या अहवालातच तिच्यावर लाल खूण झाली असती. इथे मात्र ती वाट चुकून आलेल्या एका खबरीनंतर पाहिली गेली असावी असे वाटते, कारण मधल्या काळात व्हिसा सुटतच राहिले.

अर्ज कुणाकडे जाईल हे अर्जदाराला, मध्यस्थाला किंवा अधिकाऱ्याला आधी ठरवता येऊ नये; ज्याचा अर्ज आधी नाकारला गेला आहे त्याचा दुसरा अर्ज त्याच अधिकाऱ्याने स्वतःकडे ओढून घेऊ नये; आणि प्रत्येक अधिकाऱ्याच्या मंजुरीचे, नकाराचे आणि लागलेल्या वेळेचे प्रमाण इतरांशी नियमितपणे ताडून पाहिले जावे, या गोष्टी आता कुणालाही पटतील. मात्र तुलनेचा हेतू अधिकाऱ्यांना स्पष्ट सांगितला पाहिजे. नाहीतर वेगळेपणाची भीती बसून ते सहृदय निर्णय घ्यायचेच टाळतील, आणि त्याचा भुर्दंड पुन्हा अर्जदारालाच पडेल. मंजुरी जास्त देणारा प्रत्येक जण लाचखोर नसतो आणि नकार जास्त देणारा प्रत्येक जण सचोटीचा नसतो.

पैशाशिवायही गैरवर्तन होते, आणि ते बहुधा वरून खाली येते. यूएससीआयएस ज्याच्या अखत्यारीत येते त्या अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनी, म्हणजे खात्याच्या कारभाराची स्वतंत्रपणे तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, २०१२ च्या जानेवारीत प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी २५४ अधिकाऱ्यांकडून माहिती घेतली होती, आणि त्यांपैकी सुमारे चौथाई लोकांनी सांगितले, की शंकास्पद अर्जही मंजूर करण्यासाठी आपल्यावर दबाव आला. मार्च २०१५ च्या आणखी एका अहवालात यूएससीआयएसचे माजी संचालक अलेहांद्रो मायोर्कस यांनी गुंतवणूकदारांच्या व्हिसाच्या तीन प्रकरणांत ज्या प्रकारे लक्ष घातले, त्यातून वजनदार लोकांना खास वागणूक मिळते असा समज कर्मचाऱ्यांत निर्माण झाला, असा निष्कर्ष काढला गेला. कायदा मोडल्याचा ठपका त्यात नव्हता आणि मायोर्कस यांना तो निष्कर्ष मान्यही नव्हता. मला त्या अहवालात महत्त्वाचे वाटले ते हे, की खात्याच्या आतले पंधराहून अधिक कर्मचारी जागल्या होऊन महानिरीक्षकांपुढे आले. आपल्याकडे ज्याला वशिला म्हणतात त्याची किंमत टेबलावरचा साधा कारकून मोजत असतो. साहेबांच्या एका फोनने नियम वाकतो हे त्याने एकदा पाहिले, की आपणही थोडा वाकवायला काय हरकत आहे, असे त्याच्या मनात येते, आणि तिथून पाणी मुरायला लागते.

भरतीच्या वेळची चारित्र्य पडताळणी कडक करा, असे प्रत्येक प्रकरणानंतर सांगितले जाते. सीमारक्षण खात्यासाठी अमेरिकेच्या संसदेने २०१० मध्ये कायदाच केला आणि कायदा अंमलबजावणीच्या पदांसाठीच्या उमेदवारांना पॉलिग्राफ चाचणी बंधनकारक केली. त्यालाही कारण होते: २००५ ते २०१२ या आर्थिक वर्षांत त्या खात्याच्या १४४ आजी-माजी कर्मचाऱ्यांना भ्रष्टाचाराशी संबंधित गुन्ह्यांत अटक झाली होती किंवा त्यांच्यावर आरोपपत्र दाखल झाले होते. मी या चाचणीच्या विरोधात नाही. पण स्कोफील्ड हा मुरलेला पर्यवेक्षक होता, सांचेझ मुख्य वकील होता आणि सेस्टॅक विभागप्रमुख होता. दारातून आत येताना यांच्यापैकी कुणी लाचखोर होता असे मानायला मला आधार दिसत नाही. कर्जबाजारीपणा, हाव, एकट्याच्या हातातली सत्ता आणि आपल्याला कुणी विचारत नाही हा वर्षानुवर्षांचा अनुभव, यांतून माणूस खुर्चीवर बसल्यानंतर बदलत जातो. आपल्याकडे केंद्रीय दक्षता आयोग संवेदनशील जागांवरच्या अधिकाऱ्यांची ठरावीक काळाने बदली करायला सांगतो, ते याच समजुतीतून.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील तज्ज्ञांनी महानिरीक्षकांसाठी यूएससीआयएसचा याच दृष्टीने अभ्यास केला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आतल्या माणसापासून असलेला धोका संपूर्ण खात्याचा धोका म्हणून हाताळा, कामांची विभागणी करा, कुणी कोणती नोंद उघडली आणि बदलली याचा माग ठेवा आणि तो तपासा, बदलून किंवा सोडून गेलेल्यांचे पासवर्ड वेळेवर बंद करा, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. यातला ‘तपासा’ हा शब्द मी दोनदा वाचला. माग ठेवणारी यंत्रणा मी नोकरीत कितीतरी ठिकाणी पाहिली, आणि त्यांपैकी फार थोड्या ठिकाणी तो माग कुणी गुन्हा उघड होण्याआधी वाचत असे. खात्यात अर्जदारांची लबाडी शोधण्यासाठी २००४ पासून स्वतंत्र विभाग आहे. लोकांच्या घरी जाऊन नवरा-बायको खरोखर एकत्र राहतात का, हेही तो पाहतो. टेबलाच्या अलीकडच्या माणसाकडे एवढ्या बारकाईने पाहणाऱ्या व्यवस्थेने टेबलाच्या पलीकडेही तितक्याच बारकाईने पाहावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आता तक्रारीकडे येतो. २००६ मध्ये यूएससीआयएसच्या सुरक्षा व तपास कार्यालयाचे माजी प्रमुख मायकेल मॅक्सवेल यांनी अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. कर्मचाऱ्यांविरुद्धच्या हजारो तक्रारी तपासाविना पडून आहेत आणि तपासायला माणसे नाहीत, असे त्यांनी सांगितले होते. तेव्हापासून कार्यालये वाढली, नावे बदलली आणि परिस्थिती सुधारलीही. गंभीर तक्रार आधी महानिरीक्षकांकडे जाते, आणि ते ती स्वतःकडे ठेवतात किंवा खात्याकडे परत पाठवतात, अशी रीत आहे. अर्जदाराला मात्र ‘परत पाठवतात’ एवढेच ऐकू येते. ज्याच्याविरुद्ध तक्रार केली त्याच्याच कार्यालयाच्या ओळखीच्या माणसांकडे आपला कागद फिरून येणार असेल, तर तो न दिलेलाच बरा, असे त्याला वाटले तर त्याला दोष कसा द्यायचा?

या बाबतीत महाराष्ट्रातली एक पद्धत मला विचार करण्याजोगी वाटते. लाचेची मागणी झाली की तक्रारदार १०६४ या क्रमांकावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला फोन करू शकतो. मग पंचांसमोर मागणीची पडताळणी होते, नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावली जाते आणि सापळा रचला जातो. लाच घेणाऱ्याची बोटे द्रावणात बुडवल्यावर पाणी गुलाबी होते, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असते. त्या गुलाबी पाण्यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते विभागाचे दुसरे आश्वासन: तक्रारदाराचे जे कायदेशीर काम त्या टेबलावर अडकले होते, ते करून देण्यासाठी मदत केली जाईल. प्रत्यक्षात ते नेहमीच घडते असा माझा दावा नाही. पण सापळ्यानंतर आपल्या सातबाऱ्याच्या नोंदीचे काय होणार, हा तक्रारदाराच्या मनातला पहिला प्रश्न निदान त्या व्यवस्थेने ओळखलेला आहे.

अमेरिकेतही असे संरक्षण अगदीच नाही असे नाही. २००० साली संसदेने यू व्हिसा निर्माण केला. खंडणी, लैंगिक शोषण यांसारख्या ठरावीक गुन्ह्यांना बळी पडून तपासाला मदत करणाऱ्या परदेशी व्यक्तीला तो मिळू शकतो. परंतु मुख्य अर्जदारांसाठी वर्षाला १० हजारांची मर्यादा आहे, रांग कित्येक वर्षांची आहे, आणि त्या अर्जावर निर्णय घेणारे खाते यूएससीआयएस हेच आहे. बळी जर त्याच खात्याच्या अधिकाऱ्याचा असेल, तर न्याय मागायला तिला त्याच दारातून आत जावे लागते. अशा प्रकरणापुरती तरी फाइल दुसऱ्या शहरात, दुसऱ्या पर्यवेक्षकाच्या हाताखाली, तक्रारीच्या दिवशीच आपोआप हलली पाहिजे, आणि ती हलवण्याचा अधिकार महानिरीक्षकांकडे असला पाहिजे. याला नवा कायदा लागणार नाही असे मला वाटते. लागेल ती इच्छा.

म्हणूनच २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या बातमीने मला फार वाईट वाटले. गृहसुरक्षा खात्याने नागरी हक्क कार्यालय, स्थानबद्धांच्या तक्रारी पाहणारे कार्यालय आणि नागरिकत्व व स्थलांतर सेवांचे लोकपाल कार्यालय, या तिन्हींच्या कर्मचाऱ्यांत मोठी कपात जाहीर केली, आणि त्यावर न्यायालयात दावाही दाखल झाला. ही कार्यालये कामात अडथळा आणतात, अशी बाजू खात्याने मांडली. अडथळा हा शब्द मी बँकेतही पुष्कळ ऐकला आहे. तपासनीस आला की शाखेचे काम रखडते, हे खरेच असते. पण इथे तक्रारीच्या खिडक्या मुळातच थोड्या होत्या आणि त्यांच्यासमोर उभे राहायला धैर्य लागत होते. त्यांतली एक बंद झाली तर तिथे उभा राहू पाहणारा माणूस दुसरी शोधत बसत नाही, तो घरी जातो.

नागरिकत्वाच्या मुलाखतीचे माझे बोलावणे मी अजून जपून ठेवले आहे. माझी मुलाखत घेणाऱ्या बाई अतिशय नीट वागल्या. त्यांनी स्वतःचे नाव सांगितले, उजवा हात वर करून खरे बोलण्याची शपथ घ्यायला लावली, माझे प्रत्येक उत्तर ऐकून घेतले आणि निकालाचा कागद समोरच सहीनिशी दिला. अशी माणसे त्या खात्यात बहुसंख्य आहेत, आणि स्कोफील्डसारख्याने सर्वांत आधी दगा दिला तो यांना. बोलावण्याच्या त्या पत्रावर तारीख, वेळ, पत्ता, सोबत आणायच्या कागदपत्रांची यादी असे सगळे होते. प्रतीक्षालयात भिंतीवर बाहेरच्या बोगस सल्लागारांपासून सावध राहण्याची सूचना होती, आणि ती आवश्यकच आहे. आतल्या माणसाबद्दल मात्र माझ्या पत्रावर एकही ओळ नव्हती.

प्रत्येक अर्जदाराच्या हातात हमखास पडणारा आणि त्याने दहा वेळा वाचलेला तो एकमेव कागद असतो. त्यावर वेळ आणि खोलीच्या खाली, अर्जदाराच्या भाषेत, दोनच वाक्ये छापावीत असे मी यूएससीआयएसला आणि माझ्या भागाच्या लोकप्रतिनिधीला लिहून कळवले आहे: “या कार्यालयाचा कोणताही अधिकारी तुम्हाला कार्यालयाबाहेर भेटायला बोलावू शकत नाही, तुमच्या वैयक्तिक फोनवर संपर्क ठेवू शकत नाही आणि ठरलेल्या शुल्काखेरीज काहीही मागू शकत नाही. असे घडल्यास महानिरीक्षकांच्या या क्रमांकावर कळवा, म्हणजे तुमची फाइल त्याच दिवशी दुसऱ्या कार्यालयाकडे सोपवली जाईल.” पहिले वाक्य ते उद्याही छापू शकतील. दुसऱ्याचा उत्तरार्ध खरा करायला त्यांना थोडे काम करावे लागेल.